२९ आणि पाच दिवाळी अंक

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवरचं ऊन बरं वाटतं. नागपूरच्या उन्हाला बरं म्हणायचे दिवस वर्षात मोजकेच, म्हणून ते आम्ही वाया जाऊ देत नाही. सतरंजी, संत्र्यांची पिशवी आणि यंदा सोबत एक वही. वहीच्या पहिल्या पानावर १ जानेवारीला टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, 'या वर्षी ५२ पुस्तकं.' खाली दोन रेघा. दोन रेघा मारल्या की संकल्प पक्का होतो, ही माझी शाळेपासूनची समजूत.

मोजली. २९ भरली. संत्रं सोलून पुन्हा मोजली. २९च.

आठवड्याला एक, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. सुभाष नगरला मेट्रोत बसायचं, अग्रसेन चौकात उतरायचं. वीसेक मिनिटं जायला, तेवढीच यायला. दिवसाची पंचवीस पानं कुठे गेली नाहीत. घरी रात्री आणखी तेवढीच. हिशेब चोख होता, फक्त त्यात अंबाझरी तलाव धरला नव्हता. गाडी सुभाष नगरहून निघाली की खिडकीत तलाव येतो, आणि तो दिसत असताना मान खाली घालून वाचणं मला अजून जमलेलं नाही. तलाव संपला की शंकर नगरला ओळखीचं कुणीतरी चढतं.

जानेवारीत तरी उत्साह होता. पण संक्रांत आली की आमच्या गच्चीवर वाचणाऱ्याचं काही खरं नाही. चहूकडून 'ओ काट!'च्या आरोळ्या, आणि घरातलं पोरगं चक्री धरायला हाका मारतं. पुस्तक पालथं पडलं ते फेब्रुवारीतच उचललं.

खरं वाचन झालं मे महिन्यात. पारा ४५ कडे निघाला की दुपारी घराबाहेर पडायचा प्रश्नच नसतो. खिडकीत कूलर, समोर गादी, हातात पुस्तक. फक्त कूलरच्या झोतानं पानं आपली आपण उलटतात, म्हणून डाव्या पानावर चष्म्याची डबी आणि उजव्यावर अंगठा ठेवावा लागतो. त्या ओलसर वाऱ्यानं कागद फुगतो तो कायमचाच. माझ्या कपाटातलं कुठलं पुस्तक उन्हाळ्यात वाचलेलं आहे, ते नुसत्या कडेवरून सांगता येतं. मे महिन्यात सात झाली. तो वर्षाचा उच्चांक.

पावसाळा संपता संपता फोनमधलं ॲप सांगायला लागलं, 'तुम्ही बऱ्याच पुस्तकांनी मागे आहात.' कर्जाचा हप्ता थकल्यासारखं वाटायचं. मग मी हळूहळू चोरी शिकले. वाचनालयात नाव वाचण्याआधी पुस्तकाची जाडी बघायला लागले. तीन वर्षांपासून उशाशी असलेली सहाशे पानांची कादंबरी परत कपाटात गेली, कारण तेवढ्यात चार बारकी झाली असती. दोन संध्याकाळींत तीन कवितासंग्रह संपवले. 'कवितासंग्रह संपवला' हे वाक्य वहीत माझ्याच अक्षरात आहे, नाकारताही येत नाही.

दिवाळी अंकांवरून तर भांडणच झालं. मैत्रीण आणि मी शंभरी ओलांडलेल्या विदर्भ साहित्य संघातला कार्यक्रम आटोपून झाशी राणी चौकात चहा घेत होतो. मी पाच अंक पाठपोट वाचले होते, ते यादीत धरायचे की नाही? तिचं म्हणणं, धरायचेच. मला उगाच कायदा आठवला. १९६४ मध्ये युनेस्कोनं पुस्तकाची व्याख्या केली, ती अशी की मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पानं हवीत आणि नियतकालिक नको. दिवाळी अंक दुसऱ्या अटीतच बाद.

"काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला १९०९ साली," ती म्हणाली. "तेव्हा युनेस्को जन्मली तरी होती का बाप्पा? उगाच काय सांगून राहिली!"

तिच्या यादीत सगळे अंक आहेत. माझ्या यादीत ते वेगळ्या शाईनं, समासात आहेत.

याच महिन्यात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डीकडचा रस्ता मोर्चासाठी बंद होता. ऑटोत अडकून पडले आणि पिशवीतलं एक अख्खं नाटक वाचून झालं. ज्या १९५३ च्या नागपूर करारामुळे हे अधिवेशन इथे भरतं, त्यानं विदर्भाला काय मिळालं यावर वाद चालूच आहेत. मला एक नाटक मिळालं.

आकड्यामागे धावायची ही खोड माझी एकटीची नाही, आमच्याकडे ती आजीपासून आहे. आजी श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण करायची. सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. पहिले दोन दिवस कसं निवांत चालायचं. एखाद्या ओवीवर थांबून ती आम्हाला अर्थही सांगायची. मग पाहुणे, कुणाचा ताप, गॅस संपणं, असं करत करत पोथी मागे पडायची. आणि अठरावा अध्याय एकटाच अठराशेच्या वर ओव्यांचा. सातव्या दिवशी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ शिजत असायची, प्रसादाला माणसं यायची असायची, आणि आजीच्या ओव्या अशा सुटायच्या की आजोबा ओसरीतून ओरडायचे, "अवो, माउलीला श्वास तर घेऊ द्या!" आजी बोट ओळीवर तसंच ठेवून त्यांच्याकडे रोखून बघायची आणि पुन्हा सुटायची.

पण पुढच्या श्रावणात ती तीच पोथी पुन्हा पहिल्या ओवीपासून उघडायची. संपलेलं पुस्तक परत वाचलं तर आमच्या ॲपमध्ये ते मोजायचं कसं, हे मी अजून शोधलेलं नाही.

आत्ताच मैत्रिणीचा फोन येऊन गेला. "किती झाली गं?"

"२९. आणि पाच अंक."

"म्हणजे ३४," म्हणाली आणि पुढच्या वर्षी ६० करू या का, असं विचारून तिनं फोन ठेवला.

खाली जाऊन ती सहाशे पानांची कादंबरी वर आणली. २११ व्या पानावर लग्नपत्रिकेचा एक तुकडा खुणेला होता. चार ओळी वाचल्या. ही वहिनी कोण आणि ती विहिरीवर का रडतेय, काही केल्या आठवेना. तुकडा काढून वहीत ठेवला आणि पान १ उघडलं. पंधरा-वीस पानं झाली असतील, तेवढ्यात ऊन पाण्याच्या टाकीमागे गेलं. सतरंजी ओढत कठड्यापाशी नेली.