पोर्शे 924: हिवाळ्यातली कामं आणि ल्योवेनश्टाइनचा घाट

तापलेली गाडी परत चालू न होण्याचं कारण अखेर सापडलं. या नोंदीचा मोठा भाग त्यावरच आहे, कारण के-जेट्रॉनिक (बॉशची जुनी यांत्रिक पेट्रोल-इंजेक्शन व्यवस्था) असलेली कुठलीही जुनी जर्मन गाडी बाळगणाऱ्याला हा त्रास कधी ना कधी गाठतोच. बाकी बेल्ट, मागच्या काचेचं सील आणि मे महिन्यातली घाटातली फेरी.

गाडीची ओळख थोडक्यात. 1983 ची 924, दोन लिटर, टर्बो नाही, पाच गिअर, गडद हिरवा रंग. पॉवर स्टिअरिंग नाही, मागे ड्रम ब्रेक. मी जर्मनीत हाइलब्रॉनजवळ राहतो, म्हणजे ही गाडी ज्या नेकारझुल्मच्या कारखान्यात बनली त्याच्या शेजारीच. पोर्शेचं नाव लावलेली ही गाडी त्सुफेनहाउझेनमध्ये, म्हणजे पोर्शेच्या स्वतःच्या कारखान्यात, बनत नव्हती, आणि तिच्याकडे नाक मुरडणारे सगळ्यात आधी तेच बोलून दाखवतात. दुसरा मुद्दा असतो इंजिनचा.

तर आधी इंजिनबद्दल. 1984 सीसीचं हे चार सिलिंडरचं इंजिन फोक्सवागन-ऑडीच्या घरातलं. ऑडी 100 मध्ये होतं, फोक्सवागनच्या एलटी व्हॅनमध्ये होतं, आणि अमेरिकेत एएमसी या कंपनीने ते आपल्या ग्रेमलिन गाडीतही बसवलं. पोर्शेने त्याला नवं हेड आणि बॉशचं इंजेक्शन देऊन युरोपातल्या गाडीसाठी 125 पीएसपर्यंत (पीएस म्हणजे जर्मन हॉर्सपॉवर) नेलं. पुढच्या सस्पेन्शनचे खालचे आर्म गोल्फचे, मागचे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळले जाणारे दांडे) बीटलच्या घराण्यातले. हे सगळं खरं आहे. पण 1948 साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंडमध्ये बनलेली पहिली 356, म्हणजे पोर्शेच्या नावाची पहिली गाडी, सुद्धा बीटलचं इंजिन आणि बीटलचेच सुटे भाग घेऊन उभी राहिली होती. तिला कोणी परकी म्हणत नाही. जे आहे त्यातून वेगळंच काही घडवायचं, हे या कंपनीचं मूळ काम आहे आणि 924 त्या कामाचा सरळ वारसा आहे.

जन्मकथाही मला फार मोलाची वाटते. फोक्सवागनने स्वतःसाठी एक स्पोर्ट्स कार पोर्शेकडून करवून घेतली, प्रकल्पाचं नाव ईए425. अनातोल लापिन यांच्या हाताखाली हार्म लागाय या डच डिझायनरने तिचं रूप काढलं. हेच लागाय पुढे पोर्शेच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले आणि पोर्शेची बॉक्स्टर ही गाडी त्यांच्या कारकिर्दीत आली. पण 1973 च्या तेलसंकटानंतर फोक्सवागनची गणितं बदलली. टोनी श्म्युकर प्रमुख झाल्यावर कंपनीने सिरोको या आपल्याच कूपेवर समाधान मानलं आणि तयार झालेली गाडी सोडून दिली. पोर्शेने ती परत विकत घेतली. त्याच सुमारास नेकारझुल्मचा एनएसयू या जुन्या गाडी-कंपनीचा कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. 1975 च्या एप्रिलमध्ये तिथल्या कामगारांनी हाइलब्रॉनपर्यंत मोर्चा काढला होता, इथले वयस्क लोक आजही त्याबद्दल बोलतात. कारखाना वाचला, आणि त्याला काम मिळालं त्यात 924 चा वाटा होता. माझ्या गॅरेजातल्या पत्र्याला हा इतिहास चिकटलेला आहे, म्हणून मी तिला पोर्शेच्या प्रसिद्ध 911 ची गरीब नातलग म्हणू देत नाही.

आता कामाकडे वळतो.

नोव्हेंबर: गरम सेल्फ

लक्षण असं. सकाळी थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू. महामार्गावर तासभर चालवली, पेट्रोल भरायला थांबलो, पंधरा-वीस मिनिटांनी परत सेल्फ मारला की नुसता फिरत राहतो. बराच वेळ फिरवल्यावर एक-दोन सिलिंडरवर खोकत उठते आणि मग एकदम ठणठणीत. इंजिन गार झालं की तक्रार नाही.

के-जेट्रॉनिकमध्ये कॉम्प्युटर नाही. आत येणारी हवा एक गोल चकती उचलते, चकती फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला दट्ट्या वर ढकलते, आणि त्या प्रमाणात चारही इंजेक्टरना सतत पेट्रोल जात राहतं. सगळा खेळ दाबाचा. मुख्य दाब साधारण पाच बार असतो. दट्ट्याच्या डोक्यावर वॉर्म-अप रेग्युलेटरने ठेवलेला दुसरा दाब असतो, तो थंडीत कमी आणि इंजिन तापल्यावर साडेतीन बारच्या आसपास. तिसरी गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत: गाडी बंद केल्यावर नळ्यांत उरणारा दाब. बंद केल्याबरोबर तो इंजेक्टर उघडण्याच्या दाबाखाली उतरायला हवा, नाहीतर इंजेक्टर गळतील. पण तिथून पुढे तो बराच वेळ टिकायला हवा. तो टिकला नाही तर बोनेटखालच्या उष्णतेने नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि सेल्फ मारल्यावर इंजेक्टरना पेट्रोलऐवजी वाफच मिळते.

गॅरेजवाले अशा वेळी वॉर्म-अप रेग्युलेटर बदलायला सांगतात. तो महाग असतो आणि अनेकदा त्याचा काहीच दोष नसतो. दाब मोजल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. मी गेज लावलं ते डिस्ट्रिब्युटर आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या नळीत, सोबत एक छोटा कॉक. कॉक बंद केला की मुख्य दाब दिसतो, उघडला की रेग्युलेटरचा. दोन्ही पुस्तकात दिल्याप्रमाणे आले, म्हणजे रेग्युलेटर निर्दोष. मग तापलेली गाडी बंद करून काट्याकडे बघत बसलो. काटा थांबायला हवा होता तिथे थांबलाच नाही, बघता बघता शून्यावर आला.

आता पेट्रोल पळतंय कुठे? वाटा चार-पाच: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, डिस्ट्रिब्युटरमधल्या प्रेशर व्हॉल्व्हची ओ-रिंग, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह, एखादा गळका इंजेक्टर, आणि फ्युएल अ‍ॅक्युम्युलेटर. मी अ‍ॅक्युम्युलेटरपासून सुरुवात केली, कारण त्याची तपासणी सगळ्यात सोपी. मागे पंपाशेजारी हा डब्यासारखा भाग बसतो. आत एक पडदा आणि स्प्रिंग. पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचं पेट्रोल, दुसरी बाजू कोरडी. कोरड्या बाजूची बारीक नळी काढली, पंप चालवला, आणि नळीच्या तोंडातून पेट्रोलची धार लागली. पडदा फाटलेला. निदान पक्कं.

(हे काम बंद गॅरेजात करू नका. दार उघडं ठेवा, बॅटरी सोडवा, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि नट सैल करण्याआधी दाब उतरवा. पाच बारवरचं पेट्रोल डोळ्यात जाईल इतक्या जोराने उडतं.)

नवा अ‍ॅक्युम्युलेटर बसवला, सोबत फिल्टर आणि सगळे तांब्याचे वॉशर नवे. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही बदलला, तो स्वस्त आहे आणि गाडी वर घेतलेलीच होती. आता गाडी बंद केल्यावर काटा एका जागी थांबतो आणि तापलेली गाडी अर्ध्या फेरीत उठते. इथेच परक्या भागांचा फायदा कळतो. के-जेट्रॉनिक त्या काळच्या गोल्फ जीटीआयमध्ये होतं, मर्सिडीजमध्ये होतं, व्होल्व्हो आणि साबमध्येही होतं. त्यामुळे ते जाणणारे म्हातारे मेकॅनिक या भागात अजून सापडतात, आणि भाग शोधायला वणवण करावी लागत नाही.

जानेवारी: बेल्ट आणि काच

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची आधीच्या मालकाकडे नोंद नव्हती, म्हणून बदलला. वॉटर पंपही त्याच वेळी. काम सोपं आहे, पुढे जागा भरपूर मिळते. 944 (924 ची थोरली बहीण) वाल्या मित्रांसाठी सांगतो, तुमच्याकडे बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड जातं. साध्या दोन लिटरच्या 924 मध्ये तसं होत नाही, गाडी फक्त रस्त्यात बंद पडते. तरीही बेल्टकडे दुर्लक्ष करायचं कारण नाही.

मागची मोठी काच हा या गाडीचा सगळ्यात देखणा भाग आणि सगळ्यात ओला भागही. काच चौकटीला चिकटवलेली असते, ती वर्षांनुवर्षं डिकी आपटून हळूहळू सुटते, मग पाणी डिकीत उतरतं. माझ्या गाडीत गालिच्याखाली ओल होती. सील नवं घातलं, बंद होणाऱ्या पिन नीट बसवल्या, दोन्ही बाजू सारख्या दाबाने मिटतील अशा. पत्र्याला मात्र काही झालं नव्हतं. 1980 च्या आसपासपासून पूर्ण बॉडीला जस्ताचा थर येऊ लागला, त्याची ही कृपा. घेताना 1981 नंतरची बघा, आणि तरीही बॅटरीखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा आणि पुढचे मडगार्ड बोटाने दाबून बघा.

वर येणारे हेडलाइट एकाच मोटरने चालतात, मध्ये आडवा दांडा असतो. त्याचे प्लास्टिकचे बुश बदलले. आता दोन्ही डोळे एकदम उघडतात.

मार्च: तपासणी

एच-नंबरप्लेटसाठीचं मूल्यमापन आणि दोन वर्षांची नेहमीची तपासणी एकत्र करून घेतली. तीस वर्षं पूर्ण झालेली, मूळ अवस्थेतली किंवा त्या काळाला साजेसे बदल केलेली गाडी असेल तर ही प्लेट मिळते. मग रस्ता-कर इंजिन कितीही मोठं असो, वर्षाला 191.73 युरो. श्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रात स्टिकर न लावता जाता येतं. तपासणाऱ्या साहेबांनी मूळ रंगाचा कोड ताडून बघितला, ब्रेकच्या नळ्या टॉर्च लावून बघितल्या, टॉर्शन बारची दोन्हीकडची उंची मोजली. डॅशबोर्डच्या भेगा त्यांनी खपवून घेतल्या. या गाड्यांचे डॅशबोर्ड उन्हाने फुटतातच, आणि वरून प्लास्टिकचं झाकण चिकटवण्यापेक्षा मूळ भेगाळलेला बरा असं माझंही मत आहे.

मे: घाट

हाइलब्रॉनहून बी39 या रस्त्याने वाइन्सबेर्गवरून निघालं की द्राक्षमळे संपता संपता ल्योवेनश्टाइनचा चढ लागतो. मोटरसायकलवाल्यांचा आवडता रस्ता, म्हणून रविवारी जाऊ नका. आम्ही मधल्या वारी सकाळी लवकर गेलो, बायको शेजारी, मुलगी मागच्या इवल्याशा सीटवर.

या गाडीचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलवर आहे. दोघांना एक ताठ नळी जोडते, आणि तिच्या आत जेमतेम बोटाएवढा जाड दांडा इंजिनच्या वेगाने फिरत असतो. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं पडतं, 48 आणि 52. कागदावर हे आकडे वाचून काही कळत नाही. वळणात शिरताना कळतं. ब्रेक सोडला, स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत येतं, आणि मागची बाजू ना ओढत राहते ना धावून अंगावर येते. गाडी मध्यावरून वळते, तुमच्या कमरेच्या जरा मागून. वळणाच्या पोटात हळूच पेट्रोल द्यावं, मागचं टोक किंचित बसतं आणि गाडी बाहेरच्या सरळ रस्त्याकडे स्वतःच तोंड करते. अकराशे किलोच्या आसपासची, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी. डांबरावरचा प्रत्येक जोड हाताला कळतो, आणि चिकटण कुठे कमी होतंय ते टायर ओरडण्याआधी तळव्यांना समजतं.

125 पीएस आज कोणत्याही कौटुंबिक हॅचबॅकमध्ये असतात, हे मान्य. शंभराला पोचायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. पण तेवढ्या ताकदीमुळेच घाटात दुसरा आणि तिसरा गिअर पूर्ण वापरता येतो, पाय खालपर्यंत दाबता येतो, आणि तरीही वेगमर्यादेच्या आत राहता येतं. 911 मध्ये हे सुख मला त्या रस्त्यावर मिळालं नसतं. माइनहार्टपर्यंत गेलो, कॉफी घेतली, तापलेली गाडी बाहेर उन्हात उभी. परत आलो, किल्ली फिरवली, लगेच चालू. हिवाळ्यातलं सगळं काम त्या एका सेल्फसाठी होतं.

पुण्या-चाकणहून इकडे गाड्यांच्या कंपन्यांत आलेल्या मंडळींपैकी बरेच जण जुन्या 911 चे भाव बघून हा नाद सोडून देतात. त्यांना माझा मनापासून आग्रह आहे, आधी एकदा 924 चालवून बघा. दीड लाखाच्या आसपास गाड्या बनल्या, त्यामुळे पर्याय अजून आहेत. कागदपत्रं पूर्ण असलेली, पत्रा सरळ असलेली घ्या, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील. स्वस्त गाडी आणि गंजलेला पत्रा हा सौदा शेवटी फार महागात पडतो.

पुढचं काम टॉर्क ट्यूबचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या त्या ताठ नळीचं. तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमच्या आसपास बारीक किणकिण ऐकू येते, क्लच दाबला की थांबते. आतल्या बेअरिंगचा संशय आहे. त्यासाठी एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्स दोन्ही उतरवावे लागतील, म्हणून ऑक्टोबरमध्ये लिफ्ट मिळेल तेव्हा हात घालीन. ज्यांनी 20 मिलिमीटरच्या दांड्याची ट्यूब स्वतः उघडली आहे, त्यांनी बेअरिंग दाबून बाहेर काढायला कोणतं हत्यार बनवलं ते माप देऊन सांगा. 944 ची मापं मला मिळाली आहेत, पण त्यांचा दांडा जाड असल्यामुळे ती इथे चालणार नाहीत.