वाडीच्या राजवाड्यातला चहा

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात सावंतवाडीला नुसते 'वाडी' म्हणतात. पत्रादेवीची हद्द ओलांडली की बांद्यामार्गे तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. तरीही तिथला राजवाडा आतून पाहण्याचा योग मागच्या रविवारी आला, आणि तोही आईच्या हट्टामुळे.

१७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात जाईपर्यंत पेडणे महाल वाडीच्या सावंत-भोसल्यांच्याच राज्यात होता आणि ज्यांच्या कारकिर्दीत हा वाडा उभा राहिला, ते तिसरे खेमसावंतच त्या वेळी गादीवर होते. त्यामुळे मोती तलावासमोरच्या त्या तांबड्या कमानींखालून जाताना आपण परमुलखात आलो आहोत, असे मला क्षणभरही वाटले नाही.

दरबार हॉलमध्ये आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो ते गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, हाताने रंगवणाऱ्या कारागिरांपाशी. लोप पावत चाललेली ही कला शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वाड्यातच कारागिरांना बसवून जगवली. त्यांचे हे ऋण फार मोठे आहे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग (म्हणजे पत्त्यांचे गट), प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात. समोरची कारागीर बाई मत्स्याच्या अंगावरचे खवले काढत होती. तिचे मनगट गुडघ्यावर टेकलेले, कुंचल्याचे टोक जागच्या जागी; फिरत होते ते डाव्या हातातले पान. एक ओळ पुरी होईपर्यंत आम्ही दोघेही श्वास रोखून उभे होतो.

वाड्याच्या एका भागात आता हॉटेल आहे. काहींना ते रुचत नाही, पण बंद दालनांना वाळवी लागण्यापेक्षा तिथे माणसांचा वावर राहिलेला कितीतरी बरा, असे माझे मत आहे. दुपार कलताना आम्ही तिथे चहा मागवला. आले घातलेला, चांगला उकळलेला तो चहा आईने घरी पिते तसाच बशीत ओतला आणि पहिल्या घोटानंतर विचारले, ''डाव सुरू कोण करतो, सांगितलेस नाही.'' दिवसा खेळताना ज्याच्या हाती रामाच्या रंगातला राजा, तो सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा राजा असलेला, असे मी सांगितले. ते तिला इतके आवडले की उरलेला चहा संपेपर्यंत ती बोटांवर दहाही अवतार पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

आम्ही निघालो तेव्हा तलावाकाठी दिवे लागले होते. ''आता कृष्णाची पाळी,'' असे म्हणत आई गाडीत बसली.