केसरीची शेपटी

आषाढात कोल्हापुरात कुत्र्यांच्या डॉक्टरला उसंत नसते. पाऊस त्याला कारण आहेच, पण मटणही तेवढंच. त्र्यंबोली देवीची यात्रा सुरू झाली की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून पंचगंगेच्या नव्या पाण्याचे कलश टेकडीकडे निघतात. पुढे पी-ढबाक वाजत असतं आणि मागे गल्लीत पातेली चढलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या पायरीवर रांग लागते. कुणाच्या घशात हाड अडकलेलं, कुणी चरबी खाऊन उलट्या करून आडवा झालेला. मालक दरवर्षी एकच सांगतात, ‘एकच तुकडा दिला होता हो.’

त्या शनिवारी रांगेत मंगळवार पेठेतलं एक कुटुंब होतं. कॉलेजात जाणारी मुलगी, तिचे आजोबा आणि आजी. आजोबा जुने पैलवान, कान मोडलेले, खासबागेच्या मैदानात कुस्त्या मारलेले. गल्ली त्यांना वस्ताद म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांच्या हातावर घोंगडीत गुंडाळलेलं कुत्रं होतं. काळं-तांबूस अंग, पांढरे पंजे, जमिनीला टेकतील असे कान आणि लांबलचक धड. पाय मात्र मुळात आखूड. नाव केसरी. महाराष्ट्र केसरी व्हायचं वस्तादांचं राहून गेलं होतं, ते या वीतभर उंचीच्या गड्याच्या वाट्याला आलं होतं.

‘मी पहाटे उठलो तर हा बसूनच होता,’ मुलगी म्हणाली. कोल्हापूरच्या मुली ‘उठलो’च म्हणतात. ‘हाक मारलो तर पुढच्या पायांवर ओढत आला. मागचं सगळं लोळत होतं. गाडीनं उडवलं असंल का, मॅडम? रात्री दार उघडं होतं.’

‘गाडी न्हाई,’ वस्ताद मध्येच म्हणाले. ‘पाय बी न्हाईत गेलं त्याचं. कंबर गेलीया. मी रात्री हात फिरवून बघितला, मणक्यापाशी हात न्हेला की अंग चोरतंय.’

अंगावर खरचटल्याची खूण नव्हती, पायाची हाडं शाबूत होती आणि पाठीच्या मध्यावर बोट दाबलं की पोट दगडासारखं घट्ट होत होतं. वस्तादांचं निदान बरोबर होतं. उपचार मात्र भलताच झाला होता. रात्री त्यांनी कोमट तेल लावून पाठ चांगली रगडली होती, आणि आजीने स्वतःच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी पोळीत घालून दिली होती. मुलीने पाकीट दाखवलं. डायक्लोफेनॅक. जनावरांसाठी या औषधावर 2006 पासून बंदी आहे, पण ती गिधाडांसाठी. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडालाही त्याचा धोका असतो, हे फार कमी घरांना माहीत असतं. माझी अडचण वेगळीच झाली. ही गोळी पोटात असताना वरून स्टिरॉइड किंवा दुसरं सूज उतरवणारं औषध देणं म्हणजे जठराला भोक पाडायला निमंत्रण. त्यामुळे हाताशी असलेली दोन नेहमीची औषधं सकाळी सकाळीच बाद झाली.

केसरीची आई बीगल आणि बाप डॅशहाउंड. दोन्ही जाती शिकारी. बीगल सशाच्या वासावर कळपाने धावणारा, डॅशहाउंड बिज्जूच्या बिळात घुसून त्याला बाहेर काढणारा. आपल्याकडच्या शेतावरचा कारवान कुत्रा नजरेने शिकार धरतो, उंच पायांवर सुसाट पळतो. हे दोघे मात्र नाकाने जगतात. ही संकर पिल्लं हल्ली फ्लॅटमध्ये बरीच दिसतात, कारण ती लहान असतात, लाघवी असतात, आणि ‘मिक्स आहे, म्हणजे दणकट’ असं विकणारा ठासून सांगतो. दणकटपणाचं हे गणित मला कधीच पटलेलं नाही. आई-बापांचे दोष वेगवेगळे असतील तर संकरात ते झाकले जाण्याची शक्यता असते. इथे दोष एकच आहे आणि तो दोन्हीकडून येऊ शकतो.

डॅशहाउंडचे पाय आखूड का, याचं कारण 2009 मध्ये सापडलं: एफजीएफ-4 नावाच्या जनुकाची एक जादा प्रत. 2017 मध्ये त्याच जनुकाची दुसरी जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली, आणि ती मणक्यांमधल्या चकत्यांचं वाटोळं करते. बीगलचे पाय फारसे आखूड नसतात, म्हणून त्याच्या पाठीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण ही दुसरी प्रत बीगलमध्येही भरपूर आढळते. ही प्रत असलेल्या कुत्र्याच्या चकतीचा मऊ गर वय वर्ष-दीड वर्ष होईतोच वाळायला लागतो आणि पुढे त्यात चुना साठतो. मोदकातलं सारण सुकून खडा झालं तर वरची पारी कधीतरी फाटणारच, तसं तीन ते सात वर्षांच्या दरम्यान एखाद्या दिवशी ते आवरण फाटतं आणि आतला खडा वरच्या मज्जारज्जूवर आदळतो. डॅशहाउंडमध्ये दर चार-पाचांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हे भोगावं लागतं. केसरी पाच वर्षांचा होता. आदल्या संध्याकाळी गल्लीत मटण शिजत असताना तो सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून परत सोफ्यावर आणि तिथून खाली अशा उड्या मारत होता. पण दोष त्या उडीचा नव्हे. चकती कधीच वाळली होती, उडी फक्त निमित्त झाली.

त्यात वजन. काट्यावर साडेचौदा किलो. या चणीच्या कुत्र्याला नऊ-दहा किलो पुरे. बरगड्या हाताला लागत नव्हत्या.

तपासणीतला खरा प्रश्न पुढे होता. मागचे पंजे मी उलटे करून टेबलावर टेकवले. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो, केसरीचे तसेच राहिले. पाठीच्या कातडीला चिमटा घेत वर सरकत गेले, तर शेवटच्या बरगडीच्या जरा पुढे कातडी थरथरली, त्याच्या मागे काहीच नाही. मग चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन मागे गेला. ‘जिवंत हाय पाय!’ आजी ओरडल्या. असं वाटणं साहजिक आहे, पण पाय ओढला जाणं ही खालच्या मज्जारज्जूची स्वतःची प्रतिक्रिया असते. मेंदूपर्यंत निरोप गेला की नाही, ते कुत्र्याच्या तोंडाकडे बघून कळतं. मी पुन्हा जोराने दाबलं. केसरीने मान वळवून माझ्या हाताला दात लावले, चावला मात्र नाही. मला हायसं वाटलं. खोल वेदना मेंदूपर्यंत पोचत होती.

म्हणजे खालून वर जाणारा रस्ता उघडा होता. वरून खाली? मेंदूचा हुकूम मागच्या भागात पोचत असेल तर शस्त्रक्रियेवाचूनही आशा धरता येते. पोचत नसेल तर वेळ दवडण्यात अर्थ नाही. पायात तर काहीच हालचाल दिसत नव्हती. धड उचलून चालवायचा प्रयत्न केला तरी पाय घासत येत होते.

तेवढ्यात आजींनी पिशवी टेबलाच्या कडेला ठेवली. यात्रेचं जेवण कुणा पाहुण्याला द्यायचं होतं म्हणून डबा बरोबर आणला होता. सुक्क्या मटणाचा वास माझ्यापर्यंत आला तो बराच उशिरा. त्याआधी केसरीचं नाक वर गेलं, नाकपुड्या फुगल्या, कान पुढे आले. आणि घोंगडीखाली काहीतरी हललं. मी घोंगडी बाजूला केली. शेपटी! टोकाला पांढरा ठिपका असलेली ती शेपटी डावीकडे-उजवीकडे, अगदी बेताने, पण मनापासून हलत होती. मी डबा बाहेर नेऊन ठेवायला लावला. शेपटी थांबली. परत आणायला लावला. परत हलली.

कुणी म्हणेल, शेपटीचं काय एवढं. पण शेपटीलाही स्वतःचे झटके येतात, ते वेगळे. वासाने, धन्याच्या आवाजाने हलणारी शेपटी म्हणजे मेंदूने ओळखलं, आनंद झाला आणि तो हुकूम सुजलेल्या मज्जारज्जूतून वाट काढत शेवटपर्यंत गेला. माझ्याकडे एमआरआय नाही. एक्स-रेमध्ये दोन ठिकाणी मणक्यांमध्ये पांढरे खडे दिसले, एक फट अरुंद दिसली, पण मज्जारज्जू एक्स-रेत दिसत नाही. त्या सकाळी माझं सर्वांत नेमकं यंत्र ते नाक होतं.

मी तिघांना बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. एक, पुणे किंवा मुंबई गाठायची, एमआरआय करायचा, खडा बाहेर काढायचा. पायावर उभं राहू न शकणाऱ्या कुत्र्यासाठी ही वाट जास्त खात्रीची. दुसरी, पिंजरा. बाहेर पाऊस कोसळत होता. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेच्या पाण्याने 39 फुटांची इशारा पातळी गाठली होती, 43 ला धोका. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीपाशी पुण्याला जाणारा महामार्गच पाण्याखाली गेला होता, ते कुणी विसरलेलं नाही. मुलीने घरी वडिलांना फोन लावला, खर्चाचा आकडा सांगितला, बराच वेळ ऐकून घेतलं. शेवटी पिंजरा ठरला. मात्र मी अट घातली: पहिले दोन दिवस दर सहा तासांनी बोटाचा चिमटा आणि शेपटी बघायची. वेदना गेली किंवा शेपटी थांबली, तर पाणी असो की आणखी काही, ताबडतोब निघायचं. जठराचं औषध, नसांच्या दुखण्याचं औषध आणि एक वेगळं वेदनाशामक देऊन मी त्यांना पाठवलं. तुंबलेलं मूत्राशय दाबून कसं रिकामं करायचं ते मुलीला तिथेच शिकवलं. पहिल्यांदा तिचे हात थरथरले, मग जमलं.

पिंजऱ्याची विश्रांती म्हणजे काय, हे बहुतेकांना पचत नाही. घरात मोकळं पण ‘जरा जपून’ असं चालत नाही. चार ते सहा आठवडे तीन फुटांच्या चौकटीत. बाहेर यायचं ते लघवी-शौचापुरतं, तेही पोटाखालून टॉवेल घालून मागचं धड उचलून. फाटलेलं आवरण सांधायला तेवढा वेळ लागतोच, आणि दुखणं थांबलं की कुत्र्याला आपण बरे झालो असं वाटतं. तिथेच घात होतो. मला भीती होती वस्तादांची. आयुष्यभर व्यायाम सांगितलेला माणूस, तो कुत्र्याला पडून राहू देईल?

‘बाई, पैलवानाला जोर काढायला सांगाय लागत न्हाई,’ ते म्हणाले. ‘दुखापतीत गप्प पडाय शिकवायलाच वस्ताद लागतोय.’ संध्याकाळपर्यंत त्यांनी प्लायचा खोका ठोकला होता. खाली गादी, वर प्लॅस्टिक, त्यावर रोज बदलायचं धोतर.

पण असल्या कुत्र्याला नुसतं गप्प ठेवलं तर तो वेडापिसा होतो. कोकलतो. बीगलच्या त्या लांब सुरावर शेजारी भांडायला येतात, आणि तो सुर रागवून थांबत नाही. त्याचं नाक रिकामं असतं, हे दुखणं आहे. म्हणून मी जेवणाचं ताटच बंद केलं. मोजून दिलेला कोरडा खाऊ जुन्या धोतराच्या घड्यांत गुंडाळायचा, कागदी पेल्यांखाली लपवायचा, आणि त्याला पडल्या पडल्या शोधू द्यायचा. वाटीभर खाण्याला वीस मिनिटं लागायची, आणि मग तो माणसासारखा घोरायचा. मुलगी रोज वेगळा वास आणायची: लाल भोपळ्याची उकडलेली फोड, काकडी, बाहेरून आणलेलं ओलं पान नुसतं हुंगायला. रश्श्यावर बंदी आली. कारण नुसती चरबी नव्हे, कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि तांबडा असो की पांढरा, कांद्या-लसणाशिवाय आपला रस्सा होत नाही. आजी यावर माझ्याशी बरेच दिवस नीट बोलल्या नाहीत.

शेपटी थांबली नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलीने व्हिडिओ पाठवला, डावा पाय टॉवेलमध्ये हवेत पोहल्यासारखा हलत होता. नंतर तो स्वतःहून लघवी करायला लागला. गणपतीच्या सुमाराला केसरी वाकडातिकडा, दारू प्यायल्यागत का होईना, चार पायांवर माझ्या दवाखान्यात शिरला आणि सरळ औषधांच्या कपाटाकडे गेला, जिथे मांजरांचा खाऊ ठेवलेला असतो. मागचा एक पंजा अजून घासतो, तो बहुधा घासतच राहील. गळपट्टा जाऊन छातीचा पट्टा आला. सोफ्याला उतार लावला. पावसाळ्यात लोंबत्या कानांत बुरशी धरते म्हणून आठवड्यातून एकदा कान उघडून वास घ्यायला मी सांगितलं आहे. ते काम वस्तादांकडे. आणि दोरी कधीच सोडायची नाही, कितीही शहाणा झाला तरी. वास लागला की या जातीला स्वतःचं नाव ऐकू येत नाही.

परवा ते वजनाला आले. पावणेअकरा किलो. वस्ताद खूश होते. जाता जाता म्हणाले, ‘गल्लीतल्या एकाकडं बीगलची मादी हाय. दहा हजार देतो म्हणतोय. लावूया का?’

मी नाही म्हणाले. पिल्लांनाही हीच पाठ मिळेल, आणि प्रत्येक घरी वस्ताद नसतो. केसरीची नसबंदीच करून टाकू, असंही सुचवलं. ते एकदम गप्प झाले. वंशाचा प्रश्न पैलवानाला लागतो. आजी मात्र पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलल्या, ‘करा करा. एकदा त्या खोक्यात माझी सहा धोतरं गेली.’

‘माझी,’ वस्ताद म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, ‘तारीख ईचार. दसऱ्याच्या आत नको म्हण.’