बुऱ्हाणपूर : किल्ला गेला, हमाम उरला

शाळेत आमचा खानदेश म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार. या मुलखाची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर रावेरच्या पुढे, मध्य प्रदेशात आहे, हे मामांनी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणून या खेपेला निवृत्त मास्तर असलेल्या मामांनाच बरोबर घेतलं. भुसावळहून गाडी सुटली. हद्द कुठे ओलांडली ते केळीच्या बागांवरून काही कळत नाही.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याचं पहिलं वाक्य, "मुमताज महल देखना है ना?" मामा पुटपुटले, "बाई इथं गेली, तेवढंच गावाचं भांडवल!"

शाही किल्ला तापीच्या काठावर. सात मजली होता म्हणतात. नदीच्या अंगाला उंच भिंती आहेत. वर जाऊन पाहावं तर मोकळी जागा आणि दिवाणखान्यांचे अवशेष. शाबूत म्हणावा असा हमामच, म्हणजे शाही न्हाणीघर. आत अंधार, पाण्याचे हौद आणि छतावर रंगवलेली वेलबुट्टी. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. काही ठिकाणी गिलावा सुटून गेलाय, आणि फूल अर्ध्यातच थांबतं. मामांनी मोबाईलचा दिवा वर धरला तेव्हा पाकळ्यांच्या कडा दिसल्या. हात कुणाचा होता कोण जाणे, पण तो थरथरत नव्हता.

जून 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज याच गावात वारली. नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. आम्हीही वळसा घालून आहुखान्यात गेलो. हरणं ठेवायची ती बाग. आता एक पडका महाल, समोर बारादरी, मध्ये कोरडा हौद. सगळे ताजमहालाची गोष्ट सांगतात, पण जिथं ती सहा महिने होती तिथं आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

शहराचा तट 1731 साली निजाम-उल-मुल्कने बांधला. आता त्यातले दरवाजे तेवढे ठळक राहिलेत. शनवारा, इतवारा ही नावं ऐकून पुण्याच्या पेठा आठवतात. शनवारा दरवाज्यापाशी रिक्षा, हातगाड्या, दुचाक्यांची एवढी गर्दी की वर पाहायला उसंत नाही. लोकांना जायला-यायला हवा म्हणूनच दरवाजा उरला असावा, असं माझं मत. कुंडी भंडाऱ्याचंही तेच. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून उतारानंच शहरात आणलं. शंभरावर कुंड्या म्हणजे विहिरीसारखी तोंडं. चुन्याचे थर साचून बोगदे अरुंद झालेत, तरी पाणी वाहतंय.

शेवटी जामा मशीद. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाची, 1590 च्या सुमाराची. नमाज नेमानं चालतो, म्हणून अंगण झाडलेलं, जाग असलेलं. आत पश्चिमेच्या भिंतीवर, उत्तरेकडच्या टोकाला, अरबी लेखाखाली संस्कृत लेख आहे. मामांनी चष्मा पुसला, भिंतीला न टेकता बोट हवेतच फिरवत अडखळत वाचलं, "श्री... सृष्टिकर्त्रे... नमः." मग मागे वळून मला म्हणाले, "अरे, वाचता येतंय की!" पुढच्या ओळींना वेळ लागणार होता. मी पायऱ्यांवर जाऊन बसलो.