देवांची उठाठेव

अनुबिसची मूर्ती कुरिअरने मागवली की खोक्यातून आधी देव निघतो आणि मागून त्याचा कान. कोल्ह्याच्या तोंडाचा हा प्राचीन इजिप्शियन देव, आणि अशा देवांना पुजणारे लोक आजही आहेत. कान उभे, लांब आणि मुळाशी अगदी बारीक. मूर्ती रेझिनची, म्हणजे ठिसूळ. झटपट चिकटणारा डिंक लावला तर कान बसतो खरा, पण काळ्या रंगावर पांढुरकी साय धरते आणि ती लपत नाही. दोन नळ्यांतून येणारं इपॉक्सी बरं: समान भाग घोटून टाचणीच्या टोकाने लावायचं आणि मूर्ती वाळूच्या वाडग्यात आडवी रोवून रात्रभर तशीच ठेवायची. हात लावून बघायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याचा अनुबिस जन्मभर एका कानाने वाकडं ऐकतो.

मूर्ती काळी असते म्हणून तिला अशुभ समजणारे पुष्कळ. इजिप्तमध्ये काळा हा नाईलच्या गाळाचा रंग, म्हणजे पिकाचा आणि पुन्हा उगवण्याचा. तुतनखामेन राजाच्या थडग्यात लाकडी पेटीवर बसलेला अनुबिस सापडला, तोही काळाच. कान सोन्याने मढवलेले आणि अंगावर तागाचं वस्त्र. पेटीला उचलायचे दांडे होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मूर्ती त्याचीच नातवंडं-पतवंडं. दांडे तेवढे गळाले.

तुटलेल्या मूर्तीचं करायचं काय, हा प्रश्न जुन्या इजिप्शियनांनाही होता. कार्नाकच्या देवळात सातव्या द्वारापुढच्या अंगणात लग्रँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९०३ पासून चिखलपाण्यात उभं राहून खणायला घेतलं, तेव्हा एका खड्ड्यातून सातशेहून जास्त दगडी शिल्पं आणि सुमारे १७,००० ब्राँझच्या लहान मूर्ती वर आल्या. देवळात दाटी झाली, म्हणून जुनी मंडळी आवारातच पुरली होती. बाहेर फेकली नव्हती, वितळवलीही नव्हती.

आज या देवांना पुजणारे लोक इजिप्तमध्ये शोधायला गेलात तर निराशाच पदरी पडेल. तिथे मशिदी आहेत, चर्चेस आहेत आणि तिकीटखिडक्या आहेत. भक्त आहेत ते अमेरिकेत आणि युरोपात. आयर्लंडमधल्या क्लोनिगलच्या किल्ल्यात १९७६ मध्ये ‘फेलोशिप ऑफ आयसिस’ (आयसिस म्हणजे इसिस देवी) सुरू झाली. त्याआधी १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांनी ‘ऑसार ऑसेत सोसायटी’ उभारली; आफ्रिकेचा वारसा परत घेणं हा तिचा पाया. अमेरिकेतच १९८८ मध्ये टमारा स्यूडा यांनी ‘केमेटिक ऑर्थोडॉक्सी’ची सुरुवात केली. नेवाडाच्या वाळवंटात, अणुचाचण्यांच्या पट्ट्यापासून जवळच, सेख्मेत या सिंहमुखी देवीचं १९९३ साली बांधलेलं छोटं देऊळ आहे. चिडली तर माणसं संपवायला निघणारी आणि शांत झाली की वैद्यांची कैवारी होणारी ही देवी बॉम्बच्या शेजारी नेऊन बसवणाऱ्याची निवड वाखाणायला हवी.

गळ्यात आंख, म्हणजे वर फास असलेलं क्रूसासारखं जीवनाचं चिन्ह, घालणाऱ्यांशी या मंडळींचा फारसा संबंध नाही. आंख आता कुठल्याही जत्रेत मिळतो. ‘होरसचा डोळा’ (होरस हा ससाण्याच्या तोंडाचा देव) तर त्याहून स्वस्त झाला आहे आणि त्याच्यासोबत एक गणितही फुकट मिळतं: डोळ्याचे सहा तुकडे म्हणजे १/२, १/४ पासून १/६४ पर्यंतचे अपूर्णांक, बेरीज ६३/६४ आणि उरलेला तुकडा थॉथ या विद्येच्या देवाने जादूने भरला. कथा इतकी गोड की सोडवत नाही. पण धान्यमापाच्या त्या अपूर्णांकांची चिन्हं मुळात डोळ्यावरून आलेलीच नाहीत, हे गणिताच्या इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. पेंडंटच्या पाकिटावर ते अजून पोचलेलं नाही. डावा डोळा चंद्राचा, उजवा सूर्याचा, यावरून वाद घालणारेही भेटतात. जुन्या शवपेट्यांवर मात्र दोन्ही डोळे शेजारी-शेजारी रंगवलेले असत. आतल्या माणसाला बाहेर पाहता यावं, एवढाच हेतू.

खरी कसोटी रोजच्या उपासनेत लागते. इजिप्तमध्ये अबायडोसला पहिल्या सेती राजाच्या देवळाच्या भिंतींवर तिचा क्रम कोरलेला आहे: गाभाऱ्याची मातीची मोहर फोडायची, बोल्ट ओढायचा, दार उघडून देवाचं मुख पाहायचं, धूप, पाणी, वस्त्रं, तेलं, नैवेद्य. आपल्या देवघरातल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटेल. नैवेद्यही देवापुढून उचलून पुजाऱ्यांच्या पोटात जाई, पगारच तो. शेवटची कृती मात्र वेगळी. निघताना पुजारी हातात झाडणी घेऊन आपल्याच पावलांचे ठसे पुसत बाहेर पडे. आजच्या भक्तांच्या फरशीवर ठसे उमटत नाहीत, तरी काहीजण लहानशी झाडणी ठेवतातच.

त्याआधी शुद्धी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की पुजारी एक दिवसाआड सगळं अंग भादरत आणि दिवसा दोनदा, रात्री दोनदा थंड पाण्याने अंघोळ करत. आता एवढं कोणी करत नाही, पण नॅट्रॉन सोडत नाहीत. इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या आटलेल्या तळ्यांतून निघणारा हा क्षार, ज्यात मृतदेह सुकवत. घरी करायची रीत सोपी: मीठ आणि खायचा सोडा समान मापाने घ्यायचा, बुडेल इतक्या पाण्यात विरघळवून मंद आचेवर आटवायचा आणि राहिलेला पांढरा लगदा ताटात पसरून वाळवायचा. भांडं स्टीलचंच हवं. तापल्यावर सोड्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि तो ॲल्युमिनियमला खातो. पातेल्याला काळे खड्डे पडतात आणि खड्ड्यांतला काळा मळ देवाच्या शुद्धीत उतरतो. आच मोठी केली तर फेस येऊन शेगडीवर. तयार क्षाराची चिमूट वाटीभर पाण्यात टाकायची, हात धुवायचे, चूळ भरायची आणि थुंकायची, गिळायची नाही. दमट हवेत मीठ पाणी धरतं, त्यामुळे बरणीचं झाकण घट्ट हवं.

पण माझा जीव अडकतो तो धुपात. ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवून ठेवलं आहे की इजिप्तमध्ये सकाळी राळ जाळत, दुपारी हिराबोळ आणि संध्याकाळी किफी, म्हणजे अनेक जिनसांचा मिश्र धूप. किफीचे त्याने १६ घटक दिले आहेत आणि एडफूच्या देवळाच्या भिंतीवर पाककृती कोरलेल्या आहेत. मध, वाइन, मनुका, हिराबोळ, वेलची, जुनिपरची फळं, मस्तकी, नागरमोथा, वेखंड अशी ती यादी वाचताना मराठी माणूस नागरमोथ्यापाशी थबकणारच. दिवाळीच्या उटण्यात पडतो त्याच जातकुळीतला हा कंद. तीन-चार जिनसा सोडल्या तर काष्ठौषधीच्या दुकानातून किफीचा सगळा बाजार उरकतो. दुकानदार फक्त विचारतो, बाळाला सर्दी झाली का?

प्रमाण असं धरावं: नागरमोथा, वेखंड, वेलची, जुनिपर यांची वस्त्रगाळ पूड मिळून चार भाग, हिराबोळ आणि लोबान मिळून दोन, मनुका दोन, मध एक. मनुका बिनबियांच्या हव्यात. त्या रात्रभर लाल वाइनमध्ये भिजवून वाटायच्या. हिराबोळ आणि लोबान या दोन्ही राळा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मग खलबत्त्यात कुटायच्या. मिक्सरमध्ये टाकल्या तर पात्याच्या उष्णतेने वितळतात आणि भांडं कायमचं देवाला जातं. मध मंद तापवून त्यात राळेची पूड, मग मनुका, शेवटी काष्ठांची पूड. वाटाण्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत दोन-तीन आठवडे, रोज परतत. इथेच बहुतेकांचं बिनसतं. मध सढळ पडला तर गोळी वाळतच नाही, मनुका ओल्या राहिल्या तर बुरशी येते आणि मग निखाऱ्यावर जो वास सुटतो तो करपलेल्या पाकाचा. निखारा राखेने पांढरा होईपर्यंत थांबायचं, त्यावर चिमूटभर वाळू पसरायची आणि मग गोळी. तापलेला कोळसा आणि बंद खोली हे मात्र एकत्र नको. खिडकी उघडीच असावी, देव जात नाही.

एवढं जमत नसेल त्यांच्यासाठी इजिप्शियनांनीच पळवाट ठेवली आहे. थडग्यांवरच्या मजकुरात येणाऱ्या-जाणाऱ्याला विनंती असते: जवळ काही नसेल तर नुसतं तोंडाने म्हण, हजार भाकऱ्या, हजार बियर, हजार बैल, हजार पक्षी. उच्चारलं की पोचलं. भाडेकरू भक्ताला, जिथे घरमालक उदबत्तीलाही नाक मुरडतो, तिथे हे फार उपयोगी पडतं.

वर्षारंभाची गोष्टही सोपी नाही. सत्तर दिवसांच्या आसपास गायब राहिलेला व्याधाचा तारा पहाटे पूर्वेला पुन्हा दिसला की नवं वर्ष. आज कैरोच्या अक्षांशावर तो ऑगस्टच्या सुरुवातीला दिसतो. उत्तरेला एक अंश सरकलं की साधारण एका दिवसाने उशीर. क्षितिजावर इमारती आणि धूर असल्यामुळे बहुतेक जण गणितावर भागवतात. त्याआधीचे पाच दिवस वर्षात न धरलेले. त्यात ओसायरिस, होरस, सेथ, इसिस आणि नेफ्थिस यांचे वाढदिवस ओळीने.

नाईलमधल्या फिले बेटावरच्या देवळातला चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख याच पाचांतल्या पहिल्या दिवशी कोरला गेला, २४ ऑगस्ट इ.स. ३९४ रोजी. कोरणारा इसिसचा पुजारी नेसमेतेराखेम. शेजारचं मंदुलिस देवाचं चित्र ओबडधोबड आहे, आणि त्याने लिहिलं आहे की हे सर्वकाळासाठी. डेमोटिक या रोजच्या वापराच्या लिपीत तिथे ४५२ पर्यंत लोक लिहीत राहिले, मग तेही थांबलं. नेसमेतेराखेमच्या हिशेबाने ओसायरिसचा वाढदिवस ऑगस्टच्या अखेरीकडे. आजचे अनुयायी व्याधाच्या गणिताने तो जुलैच्या शेवटी करतात. दोन्हींतली खरी तारीख कोणती, ते ओसायरिसलाच विचारावं. मेलेल्यांचा राजा तो, त्याला कसली घाई.