मेटल डिटेक्टर घेताय? आधी कुठं शोधणार ते ठरवा

कुठला डिटेक्टर घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो, शोधायचंय काय आणि जमीन कशी आहे. खोक्यावर किती खोल जातो ते लिहिलेलं असतं, त्याकडे मी आता बघत पण नाही.

माझं पहिलं मशीन सिंगल फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) होतं, म्हणजे एकाच कमी फ्रिक्वेन्सीवर सतत चालणारं नेहमीचं मशीन. मोकळ्या माळावर मस्त चालायचं. मग एकदा समुद्रावर नेलं, कोरड्या वाळूत सगळं ठीक, पण कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, ओल्या वाळूवर गेली की कानात नुसता कलकलाट, सेन्सिटिव्हिटी कमी करत करत इतकी खाली आणली की आवाज बंद झाला पण मग वितभर खालचं नाणंही लागेना. मला वाटलं बिघडलं. बिघडलं काही नव्हतं, खाऱ्या पाण्यातून वीज वाहते त्यामुळे ओली वाळूच मशीनला धातूसारखी दिसते. तिथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मल्टी फ्रिक्वेन्सी हवं, नाहीतर पल्स इंडक्शन. पल्सवालं मशीन एक झटका सोडतं आणि धातूतून येणारा प्रतिसाद किती वेळात विरतो ते ऐकतं, खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद लगेच विरतो म्हणून त्याचा त्रास होत नाही. पण लोखंड वेगळं ओळखणं त्याला नीट जमत नाही, म्हणजे प्रत्येक खिळा खणायची तयारी ठेवा.

नाणी शोधायची असतील तर ५ ते १५ किलोहर्ट्झमधलं साधं व्हीएलएफ भरपूर झालं, चांदी-तांब्याला कमी फ्रिक्वेन्सी मानवते. सोन्याचे कण शोधायचे तर उलटं, फिशर कंपनीचं गोल्ड बग २ तर ७१ किलोहर्ट्झवर चालतं, तांदळाच्या दाण्याहून बारीक कण पकडायला अशी जास्त फ्रिक्वेन्सीच लागते. आणि जमीन लाल, लोहयुक्त असेल तर परत पल्सच. खोल पुरलेला हंडा वगैरे डोक्यात असेल तर दोन पेट्यांचं मशीन येतं, ते सुट्या नाण्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता डिस्क्रिमिनेशन. मशीन स्क्रीनवर धातूप्रमाणे आकडा दाखवतं, त्यातले नको ते आकडे बंद करणं म्हणजे डिस्क्रिमिनेशन. नवीन लोक इथेच चुकतात आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण कचरा नको म्हणून ते कॅनच्या अॅल्युमिनियमच्या कड्या बंद करून टाकतात, आणि बारीक सोन्याची अंगठी स्क्रीनवर नेमकी त्याच आकड्यांच्या आसपास येते. कड्यांबरोबर अंगठ्याही गेल्या! मी फक्त लोखंड बंद ठेवतो आणि बाकी कानाने ठरवतो. सिग्नल आला की त्याच जागेवर काटकोनात वळून परत कॉइल फिरवा. नाण्याचा आवाज दोन्हीकडून सारखा गोल येतो, वाकडा खिळा एका बाजूने छान वाजतो आणि दुसऱ्या बाजूने तुटक घरघरतो. म्हणूनच हेडफोन लागतातच. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागी ५-६ इंची छोटी कॉइल लावा, मोठी कॉइल एकदम चार खिळ्यांवर येते आणि मधलं नाणं झाकून जातं.

पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, मात्र पहिल्या दिवसापासून घ्या, खड्डा छोटा राहतो आणि बुजवायला सोपा जातो.

परवानगी आणि त्या जागेचा कायदा मशीन घ्यायच्या आधी बघा. इंग्लंडमध्ये हॉक्सन गावी १९९२ मध्ये एक माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि लागला रोमन खजिना, जवळपास १५ हजार नाणी. थोडं निघाल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना बाकीचं सगळं जसं पुरलं होतं तसंच, पेटीच्या खुणांसकट मिळालं. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.