एव्हरग्लेड्स: पाट्यांवरची माणसं

फोनमध्ये नुसतं ‘एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क’ टाकून निघू नका. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला पसरलेल्या या उद्यानात गाडीनं शिरायला तीन वेगळ्या बाजू आहेत आणि त्या आतून एकमेकींना जोडलेल्या नाहीत. चुकीच्या बाजूला पोचलात, तर अर्धा दिवस रस्त्यातच गेला म्हणून समजा. त्यापेक्षा व्हिजिटर सेंटरचं पूर्ण नाव टाकावं. होमस्टेडजवळ अर्नेस्ट एफ. को, त्याच रस्त्याच्या शेवटाला फ्लेमिंगोत गाय ब्रॅडली, आणि पार पश्चिमेला एव्हरग्लेड्स सिटीत मार्जरी स्टोनमन डग्लस. जुन्या नकाशांवर शेवटच्या दोन केंद्रांची नावं ‘फ्लेमिंगो’ आणि ‘गल्फ कोस्ट’ अशी दिसतील. जागा त्याच, नावं तेवढी बदलली. उत्तरेचं शार्क व्हॅली मात्र कुणाच्या नावावर नाही.

को केंद्र राज्यमार्ग ९३३६ वर, तिकीट नाक्याच्या अलीकडे आहे. म्हणजे प्रदर्शन बघायला पैसे लागत नाहीत. नाक्यावर गाडीमागे ३५ डॉलर घेतात आणि तो पास ७ दिवस चालतो, बाकीच्या बाजूंनाही. भारतातून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना, वय १६ आणि पुढे, माणशी १०० डॉलर जादा पडतात. पेट्रोल फ्लोरिडा सिटीतच भरून घ्या.

अर्नेस्ट को हे कनेक्टिकटहून १९२५ च्या सुमारास मायामीला आलेले उद्यानरचनाकार. १९२८ मध्ये त्यांनी इथं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून संस्था काढली आणि पुढची जवळपास वीस वर्षं पत्रं लिहून लिहून सगळ्यांना भंडावून सोडलं. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, १९३४ मध्ये उद्यानाला मंजुरी दिली. ६ डिसेंबर १९४७ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा हाती आले होते सुमारे ४,६०,००० एकर. को यांनी मागितले होते २० लाखांहून जास्त. ‘की लार्गो’ हे बेट आणि ‘बिग सायप्रस’ हा दलदलीचा भाग वगळल्यामुळे ते इतके नाराज होते, की समारंभाला येण्यासाठी त्यांची समजूत घालावी लागली. आज मुख्य केंद्रावर त्यांचं नाव आहे, हे मला रास्त वाटतं.

नाक्यापासून फ्लेमिंगो ३८ मैल, न थांबता तासाभराचं. पण रॉयल पामचा फाटा चुकवू नये. तिथला अनहिंगा ट्रेल जाऊन-येऊन एक मैलाच्या आतला आहे आणि हिवाळ्यात मगरी (इथल्या अ‍ॅलिगेटर) व पाणपक्षी अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. गाडी लावताना गिधाडांकडे लक्ष असू द्या. ती वायपर आणि काचेभोवतीचं रबर उपसून काढतात, म्हणून वाहनतळावर ताडपत्र्या ठेवलेल्या असतात. एक घ्यावी आणि नीट बांधावी, नुसती टाकली तर वाऱ्यानं उडते. १९१६ पासून ही जागा राज्य उद्यान म्हणून राखली गेली ती मे मान जेनिंग्ज आणि फ्लोरिडातल्या महिला मंडळांच्या महासंघामुळे. इथल्या केंद्राला आजही झाडाचंच नाव आहे. नाव बदलायचंच असेल तर पहिला हक्क या बाईंचा.

पुढे ‘रॉक रीफ पास (म्हणजे खिंड), उंची ३ फूट’ अशी पाटी लागते. हसू येतं, पण इथं फूटभर उंचीनं झाडोरा बदलतो: सखल भागात गवत, जरा वर पाइन.

फ्लेमिंगोची गुलाबी इमारत १९५० च्या दशकातली. गाय ब्रॅडली यांचं नाव तिला दिलंय, कारण ते याच गावचे. लहानपणी ते स्वतः पिसांसाठी पक्षी मारणाऱ्यांचे वाटाडे होते. बगळ्यांची ती नाजूक पिसं फक्त विणीच्या हंगामात येतात. त्यामुळे शिकारी थेट सारंगागारांत, म्हणजे बगळ्यांच्या विणीच्या वसाहतींत घुसत, मोठे पक्षी मारत आणि पिल्लं घरट्यातच उपाशी मरत. एका हंगामात अख्खी वसाहत संपे. टोप्यांसाठी या पिसांना औंसाला ३२ डॉलरपर्यंत भाव होता. सोनं तेव्हा औंसाला २१ डॉलरच्याही खाली. १९०१ मध्ये फ्लोरिडानं पक्षीसंरक्षणाचा कायदा केला आणि १९०२ मध्ये ब्रॅडली मन्रो काउंटीचे रक्षक झाले, महिना ३५ डॉलरवर. ८ जुलै १९०५ ला ऑयस्टर कीज या बेटांवर गोळ्यांचे आवाज ऐकून ते होडीनं गेले आणि मारले गेले. मारणाऱ्यावर ज्युरीनं आरोपही ठेवला नाही. केप सेबलवरचं त्यांचं थडगं पुढे वादळात वाहून गेलं.

नावं देण्याचेही नियम आहेत. नॅशनल पार्क सर्व्हिस या उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या धोरणात व्यक्तीचा त्या उद्यानाशी ठोस संबंध लागतो आणि मृत्यूला निदान पाच वर्षं झालेली असावी लागतात. काँग्रेसनं कायदा केला तर ही अट आड येत नाही. १९९७ च्या एकाच कायद्यानं मुख्य केंद्राला को यांचं आणि उद्यानातल्या सुमारे १३ लाख एकर राखीव रानाला लेखिका मार्जरी स्टोनमन डग्लस यांचं नाव दिलं. डग्लसबाई तेव्हा १०७ वर्षांच्या आणि हयात होत्या. पुढच्या वर्षी गेल्या. बिग सायप्रसमधल्या होऊ घातलेल्या प्रचंड विमानतळाविरुद्ध त्यांनी १९६९ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स’ ही संस्था उभी केली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. विमानतळ एका धावपट्टीवर थांबला.

त्यांच्या नावाच्या केंद्राकडे जायला क्रोम अव्हेन्यूनं उत्तरेला, मग यूएस ४१ नं पश्चिमेला आणि मार्ग २९ नं खाली वळा. को केंद्रापासून दोन तास धरा. वाटेत लागणारं बिग सायप्रस म्हणजे को यांच्या हातून निसटलेली जमीन. १९७४ मध्ये तिला वेगळं संरक्षण मिळालं. एव्हरग्लेड्स सिटीतली जुनी इमारत २०१७ च्या इर्मा वादळात निकामी झाली होती, त्यामुळे केंद्राच्या वेळा आधी उद्यानाच्या साइटवर बघाव्यात.

डिसेंबर ते एप्रिल सोडून गेलात तर डास उभं राहू देत नाहीत. टेन थाउजंड आयलंड्स ही इथली किनाऱ्यालगतची बेटं फक्त पाण्यातूनच दिसतात, आणि चोकोलोस्की खाडी उथळ आहे. ओहोटीत कायाक (वल्ह्यांची छोटी होडी) शिंपल्यांच्या बांधांवर घासते किंवा चिखलात रुतते. भरतीच्या वेळा आधी काढा, ओहोटीबरोबर बाहेर जा आणि भरतीबरोबर परत या.